शनिवारच्या तासाची लाईन

माणूस गेला की लोक भेटायला येतात, थोडं रडतात, चहा घेतात आणि जातात. माझ्या थोरल्या भावासाठी, मंगेशदादासाठी, जे येतात ते जाताना एक किस्सा ठेवून जातात. दादा जाऊन अजून महिना नाही झाला, आणि मानपाड्यातल्या आमच्या एवढ्याशा ऑफिसात बसायला जागा उरणार नाही इतके किस्से साठलेत. आईला सगळे सांगून झाले. ती म्हणते, परत सांग. मग म्हटलं, लिहूनच काढू. मी आठवीत शाळा सोडली, त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचा धंदा घरोघरी इंटरनेटची लाईन टाकायचा. दादा बोलायचा, मी चढायचो. आणि येणारा प्रत्येक जण उठता उठता एकच विचारतो, "रवी, आता शनिवारच्या तासाचं काय?" त्या तासाचं पुढे येईलच.

*

वायर एका बिल्डिंगच्या गच्चीवरून दुसरीच्या गच्चीवर जाते, आणि प्रत्येक गच्चीला एक सेक्रेटरी असतो. डोंबिवलीत डोंगर चढणं सोपं, गच्चीची चावी मिळवणं कठीण.

सावंतकाका तसलेच. आम्ही चार वेळा गेलो, चारही वेळा त्यांनी दाराच्या साखळीआडून "नाही" सांगितलं. पाचव्या वेळी दादाने चावीचा विषयच काढला नाही.

"काका, मुलगी कुठे असते?"

"दुबईला. का?"

"शेवटची कधी बघितली?"

काका म्हणाले, "गेल्या गणपतीत."

दादाने त्यांच्याच मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून दिला. पलीकडे मुलगी चपात्या लाटत होती. काकांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "बारीक झालीस गं." आणि दुसऱ्या हाताने खुंटीवरची चावी काढून मला दिली.

मी तासाभराने खाली उतरलो तरी काका तिला घर दाखवत होते. "हा बघ गिझर. नवीन बसवला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन. "मंगेश, अरे हिला बंद कसं करायचं? कालपासून गोळी घेतली का विचारतेय."

तेव्हापासून दादाने नियमच केला. ज्या गच्चीवरून आपली वायर जाईल, त्या बिल्डिंगमधल्या निदान एका माणसाला नेट वापरायला शिकवायचं. मी म्हणायचो, आपण केबलवाले आहोत की क्लासवाले? तो म्हणायचा, "तू चढ."

*

लॉकडाऊनमध्ये आमच्या इथल्या मराठी शाळेच्या मोठ्या बाई मोबाईलवरून वर्ग घ्यायला लागल्या. छोटी शाळा, त्यामुळे मुख्याध्यापिकाही त्याच आणि मराठी शिकवणाऱ्याही त्याच. ज्यांच्या घरी नेट नव्हतं त्या मुलांसाठी दादाने जुन्या गावातल्या एका आजींच्या ओटीवर फुकट लाईन दिली. मुलं लांब लांब बसायची, मध्ये मोबाईल.

आजी पहिल्या दिवसापासून नीट लुगडं नेसून, केस विंचरून बसायच्या. "मास्तरीन बघतंय ना," म्हणायच्या. मोबाईलवर बाई आल्या की पहिला प्रश्न त्यांचा. "चाय घेशील?"

बाई रोज म्हणायच्या, "नको आजी, आत्ताच झाला."

असं बरेच दिवस चाललं. एक दिवस बाई दमलेल्या असाव्यात. सहज बोलून गेल्या, "द्या हो आजी आज."

झालं. आजींनी किटली भरली, फडक्यात गुंडाळली आणि दादाला बोलावलं. "ती हो बोलली. आता नेऊन दे."

तेव्हा रस्त्यावर दिसायचं तर कारण लागायचं. दादाला नाक्यावर पोलिसाने अडवलं. किटलीकडे बघून म्हणाला, "हे काय?"

दादा म्हणाला, "साहेब, ऑनलाईन वर्गाचा चहा आहे."

पोलिसाने झाकण उघडून वास घेतला. "गवती चहा घातलाय," म्हणाला. "जा. गार होईल."

*

पुढे शाळा उघडली. मग दादाने शाळेपर्यंत पक्की लाईन नेली. एका देणगीदाराने भिंतीवर लावायला मोठा टीव्ही दिलेला. उद्घाटन झालं, नारळ फुटला, मुलांना पेढे मिळाले. आणि आठ दिवसांनी बाईंचा फोन, "मंगेश, नेट वर्गात येतच नाहीये."

आम्ही गेलो. वायर तपासली, वायर बरोबर. टीव्ही बरोबर. दादाने विचारलं, "बाई, मी बसवलेला डबा कुठे गेला?"

बाईंनी कमरेची किल्ली काढली आणि ऑफिसमधलं लोखंडी कपाट उघडलं. आत, शिक्के आणि शाळेच्या घंटेच्या शेजारी, आमचा राऊटर. दिवे लुकलुकत होते. वायर आत जायला बाईंनी कपाटाला भोकसुद्धा पाडून घेतलेलं.

"चोरीला गेला तर?" बाई म्हणाल्या.

दादाने टोपी काढून डोकं खाजवलं. "बाई, नेट आत अगदी सुखरूप आहे. फक्त बाहेर यायची त्याची हिंमत होत नाहीये."

आता बाई हा किस्सा स्वतःच सांगतात. पालकसभेत, सगळ्यांसमोर. वर म्हणतात, "कपाट अजून तसंच आहे, भोक बघून जा."

*

शाळेत विज्ञानाला शिक्षक नव्हते. होते ते रिटायर झाले, नवीन कोणी आलंच नाही. दहावीचा वर्ग अर्धं वर्ष नुसतं पुस्तक वाचत बसलेला.

दादाने ठाण्याला कोपरीतले एक सर शोधून काढले. वय झालेलं, गुडघे गेलेले, जिना उतरणं बंद. पण आवाज असा की पंख्याच्या वर ऐकू येईल. दादाने त्यांना सांगितलं, "सर, तुम्ही घरातून शिकवा. दर शनिवारी. लाईन माझी जबाबदारी. तास एकदाही बुडणार नाही."

पहिल्या शनिवारी सर खुर्चीत बसून छान सुरू झाले. पण चाळीस वर्षांची सवय. आकृती काढायची वेळ आली तसे उठून उभे राहिले. आता वर्गातल्या टीव्हीवर फक्त सरांचं पोट. मागून आवाज येतोय, "हे झालं भिंग. इथून किरण आत जातात."

मुलं मान वाकडी करून बघायला लागली. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, कुठून?"

दुसऱ्याच दिवशी दादा आणि मी कोपरीला. सरांच्या हॉलमध्ये शोकेस होती ती सरकवली आणि तिथे खरा फळा ठोकला. समोर स्टँड, स्टँडवर मोबाईल. सरांच्या बायको दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं हे शाळेत होते, तेव्हा घर माझं होतं."

दादा म्हणाला, "काकू, फक्त शनिवारचं."

"खडूची धूळ रोज उडते रे," काकू म्हणाल्या. पण शनिवारी बरोबर वेळेआधी सरांचा सदरा इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला असायचा. ते मी स्वतः बघितलंय.

*

दहावीतल्या एका मुलीचं घर टिटवाळ्याला गेलं. वडिलांनी तिथे नव्या बिल्डिंगसमोर वडापावची गाडी लावली. बाकीचे दिवस ती शाळेत यायची, पण शनिवारी वडिलांना मदत लागायची. दादा टिटवाळ्याला गेला, मागच्या किराणा दुकानाची लाईन तिच्या वडिलांच्या गाडीपर्यंत आणली आणि मोबाईल सॉसच्या बाटलीला टेकवून उभा केला.

महिनाभराने आम्ही बघायला गेलो. शनिवार दुपार. मुलगी वह्या घेऊन आत स्टुलावर, वडील तळतायत, आणि गाडीसमोर आठ-दहा माणसं चिडीचूप उभी. मला वाटलं, गिऱ्हाईक वाढलं.

एकाने मागे वळून आम्हालाच दटावलं. "हळू बोला रे. सर प्रश्न विचारतायत."

मोबाईलमधून सर म्हणाले, "गंज कशामुळे चढतो?" मुलीने तोंड उघडायच्या आत हेल्मेट घातलेला एक जण बोलला, "हवा आणि पाणी." मुलीचा माईक चालू होता.

पलीकडे कोपरीत सर थांबले. म्हणाले, "बरोबर. पण हात वर करून."

त्या माणसाने हात वर केला. हातात वडापाव होता.

येताना दादा बाईक चालवत एकटाच हसत होता. मला म्हणाला, "रवी, बघितलंस ना, एका वायरवर किती माणसं उभी होती."

*

मग दिवाळीच्या आधी त्याला डेंग्यू झाला.

ॲडमिट केलं तेव्हा शेजारच्या खाटेवर एक बारावीचा मुलगा होता. तो मोबाईलवर क्लासचा व्हिडिओ बघायचा आणि तो सारखा अडकायचा. दादाला स्वतःचा ताप दिसेना, तो अडकलेला व्हिडिओ दिसायचा. सलाईन लावलेल्या हाताने मला खुणावून म्हणाला, "त्यांचा डबा फ्रीजच्या मागे पडलाय. सिस्टरना विचार आणि दरवाजावर लाव."

मी विचारलं, लावला. सगळ्या वॉर्डात नेट आलं.

सिस्टर दादाच्या उशाशी येऊन म्हणाल्या, "तुम्ही ॲडमिट आहात की ड्युटीवर?"

दादा म्हणाला, "दोन्ही, सिस्टर."

त्या मुलाला डिस्चार्ज मिळाला. दादाला नाही मिळाला.

*

दिवाळीच्या सुट्टीत ऑफिस आणि शाळेच्या मधली जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटसाठी पाडली. आमची वायर तिच्याबरोबर खाली आली. मला तेव्हा कशाचंच भान नव्हतं. शाळा सुरू व्हायच्या वेळी बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज अगदी हळू. "रवी, तुला आत्ता सांगायला जीभ रेटत नाही. पण शनिवारी सरांचा तास आहे. मुलांची परीक्षा आली. मोबाईलच्या नेटवर सरांचा फळा दिसत नाही रे."

दुसरा रस्ता एकच होता, बाजूच्या नव्या टॉवरची गच्ची. तिथल्या सेक्रेटरी मॅडमनी मला लॉबीतच उभं केलं. म्हणाल्या, "टॉवरवरून वायरी लटकलेल्या आमच्याकडे चालत नाहीत."

दादा असता तर मॅडमना त्यांच्या मुलांबद्दल विचारलं असतं. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "आणि मुलांची दहावी लटकली तर चालते?"

वॉचमन उठून उभा राहिला. मॅडम म्हणाल्या, "आवाज खाली. तुमचे दादा एकदा आलेले इथे. ते असं बोलत नव्हते."

"म्हणून तर त्यांची कामं व्हायची," मी म्हणालो. आणि तिथेच उभा राहिलो. जायला जमेना.

मॅडमनी माझ्या मुंडण केलेल्या डोक्याकडे बघितलं. केस अजून नीट आले नव्हते. मग म्हणाल्या, "पाईपमधून न्याल? बाहेर दिसणार नाही?"

"नाही दिसणार."

"मी वर येऊन बघणार."

खरंच आल्या. मी म्हटलं, आलाच आहात तर हे टोक धरा. त्यांनी पर्स खांद्यावर सरकवली आणि उन्हात, मी पलीकडे जाऊन गाठ मारेपर्यंत, टोक धरून उभ्या राहिल्या.

*

गेल्या शनिवारी मी शाळेत गेलो. वायर जोडली. मुलं आधीच बसलेली. टीव्ही लागला, आणि सर आले. इस्त्रीचा सदरा, मागे फळा, सगळं स्वच्छ दिसत होतं.

सरांची एक पद्धत होती. तास सुरू करायच्या आधी ते मुलांना नाही, दादाला विचारायचे, आवाज येतोय का. दादा वर्गाच्या दारात उभा असायचा, बाहेर असला तर फोनवरून. तिथून तो "येतोय सर" म्हणायचा, मगच सर खडू उचलायचे.

दादाचं सरांना कोणी सांगितलं नव्हतं. मी बाईंना म्हणालेलो, तुम्ही सांगा. बाई म्हणालेल्या, तू सांग.

सरांनी चष्मा पुसून लावला आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

"मंगेश, आवाज येतोय का?"

मुलं बाईंकडे बघायला लागली, बाई खिडकीकडे.

"मंगेश?"

मी दारात उभा होतो.

"येतोय सर," मी म्हणालो.

सर खडू न उचलता तसेच बघत राहिले. मला वाटलं लाईन गेली. मी जाऊन राऊटरचे दिवे बघून आलो, सगळे लागलेले.

मग सर म्हणाले, "सर्दी झालीये का रे?"

"हो सर."

"गरम पाण्याची वाफ घे," सर म्हणाले. "आणि आईकडे लक्ष दे."

आणि त्यांनी खडू उचलला.