टॉवेलात गुंडाळलेला कीबोर्ड

अर्जवाल्या मामांचा कॉम्प्युटर इतका म्हातारा झाला होता की सकाळी तो चालू करून टेबल पुसावं, टाचण्या शोधाव्यात, शेजारच्या झेरॉक्सवाल्याशी चार गप्पा मारून यावं, तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतच असायचं. त्यातली सिस्टीम बनवणाऱ्यांनी केव्हाच हात वर केले होते. समोरच्या कचेरीचे नवे फॉर्म त्यावर उघडत नसत. अर्ज लिहून घ्यायला आलेली माणसं थोडा वेळ बसायची आणि मग काढता पाय घ्यायची.

"मामा, सिस्टीम बदलल्याशिवाय गत्यंतर नाही," भाची म्हणायची. तिचं जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचं दुकान होतं आणि मामा हे तिचं सगळ्यात हट्टी गिऱ्हाईक. वर्षभर ती मागे लागली होती आणि वर्षभर मामा टोलवाटोलवी करत होते.

त्याला कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. ह्या कॉम्प्युटरवर अकरा वर्षं मामीनं टाइप केलं होतं. मामा गिऱ्हाइकाचं रडगाणं ऐकून घ्यायचे, मामी त्याचा अर्ज करायची. बोटांचे कष्ट वाचावेत म्हणून तिनं कॉम्प्युटरला खुणा शिकवून ठेवल्या होत्या. दोन अक्षरं दाबली की 'आपणांस नम्र विनंती करण्यात येते की' अशी अख्खी ओळ उमटायची. पुढे ती आजारी पडली आणि मामा तिच्या खुर्चीत बसून दोन बोटांनी टाइप करायला लागले. तेव्हाच कधीतरी, काही न बोलता, तिनं त्यांच्यासाठी एक जास्तीची खूण घालून ठेवली. ज दोनदा दाबला की जेवायला उठवणारी एक ओळ यायची. मामांना ती सापडली ती मामी गेल्यावर दीड महिन्यानं, एकाची जन्मतारीख लिहिताना बोट अडखळलं म्हणून.

त्यानंतर चार वर्षं रोज दुपारी एक वाजता मामा ज दोनदा दाबायचे, ओळ वाचायचे, पुसायचे आणि मग डबा उघडायचे. कुणाला ह्याची गंधवार्ता नव्हती. साठी उलटलेल्या माणसानं असलं काही सांगायचं तरी कसं?

शेवटी कॉम्प्युटर दिवसातून पाचपाचदा मान टाकायला लागला आणि मामांचा नाइलाज झाला.

"सगळे अर्ज काढून ठेवलेत, फोटो घेतलेत," भाचीनं दुकानातून फोन केला. "आणखी काही जपायचंय? मी डिस्क साफ करतेय हं. मागाहून बोंब मारायची नाही."

"काही नाही. कर तू," मामा म्हणाले.

जपायचं ते त्यांनी आधीच जपलं होतं. कळ दाबली की ओळ येते, म्हणजे ओळ कीबोर्डात असणार, असा त्यांचा सरळ हिशेब. वायर सोडवून, टॉवेलात गुंडाळून कीबोर्ड त्यांनी घरी नेला होता. "मी काय तुमचा कीबोर्ड खाणार आहे का?" अशी भाचीनं चेष्टाही केली होती. दोन दिवस तो कपाटात मामीच्या कपड्यांवर होता.

तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर परत आला. नवी सिस्टीम बघता बघता सुरू झाली, कचेरीचा फॉर्म उघडला, भाची खूश. मामांनी कीबोर्ड जोडला आणि एक वाजायची वाट न बघता ज दोनदा दाबला. पडद्यावर दोन ज उमटले. त्यांनी पुन्हा दाबला. चार ज झाले.

"काय शोधताय, मामा?"

त्यांनी सगळं सांगितलं, टॉवेलासकट. भाची हसली नाही. तिनं कपाळाला हात लावला.

"मामा, ते सगळं जुन्या सिस्टीममध्ये होतं हो. मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस गं. परत नाही येणार?"

"नाही. त्यावर नवं लिहिलं गेलंय." तिनं कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "पण ओळ आठवते ना? सांगा, मी तश्शीच घालून देते."

हजारदा वाचलेली ओळ. मामांनी भिंतीकडे बघत सांगितली, "बास झालं लिहिणं. डबा गार होतोय. उठा, जेवून घ्या." भाचीनं नाक ओढत टाइप केली आणि निघून गेली.

एकटे झाल्यावर मामांनी ज दोनदा दाबला. ओळ आली. शब्द न् शब्द बरोबर होता, फक्त सुरुवातीचा तेवढा नव्हता. भाचीपुढे तो त्यांच्या जिभेवर आलाच नव्हता. आपणच आपल्याला अशी हाक कशी मारायची? ओळीच्या सुरुवातीला जाऊन त्यांनी आता तो स्वतः टाइप केला, 'अहो'. वाचला. आणि पुसून टाकला.

दिवसभर गिऱ्हाइकं म्हणतच होती की. अहो काका, अहो साहेब, अहो ऐका ना. पण पुढे काहीही न जोडता त्यांना नुसतं अहो म्हणणारं माणूस एकच होतं.