आपल्या रानासाठी चार दिवस

न्चेऊ गावाच्या डोंगरउतारावर डेलेसीचं अर्धा एकर मक्याचं रान आहे, आईकडून आलेलं. जानेवारीत कणगीचा तळ लागतो. मग ती लोकांच्या रानात तण काढून रोजचं पीठ आणते, आणि स्वतःच्या रानात पोचेतो गवत मक्याच्या डोक्यावर बसलेलं असतं. पीक निम्मं येतं. पुढच्या जानेवारीत पुन्हा तळ. अशी सहा वर्षं गेली. यंदा तिनं ठरवलं, आधी आपलं रान.

शेतीखात्याचे कालोंगासाहेब मोटरसायकलवरून न उतरताच नाकातून म्हणाले, "भगिनीऽ, पहिल्या तीन आठवड्यांत तण गेलंच पाहिजे. गेलंच!"

"हो साहेब. पोटालाही जरा सांगून जा. तुमचं ऐकेल ते."

साहेबांनी गाडीला लाथ घातली.

भोपळ्याच्या पाल्यावर चार दिवस काढायचे आणि रान उरकायचं, असा बेत होता. दोन दिवस निभले. तिसऱ्या दिवशी तिला भोवळ आली आणि ती सरीतच बसली. तिची आई, म्हातारी नासिबेको, अंगणात होती. म्हातारीला डोळ्यांनी दिसत नव्हतंच, पण कुदळीचा आवाज थांबलेला तिनं ऐकला.

चौथ्या दिवशी लेक रानात गेल्यावर म्हातारी चाचपडत शेजारच्या फालेसीच्या शेतावर कामाला गेली. दिवसाचं पीठ आपण आणलं, तर लेकीला आपलं रान सोडावं लागणार नाही, एवढंच तिच्या मनात.

दुपारी फालेसीची हाक डोंगरभर गेली. "अगं डेलेसीऽऽ! ये की बघायला, तुझ्या आईनं माझं शेत कसं साफ केलंय!"

तीन सऱ्या लख्ख झाल्या होत्या. तणही नव्हतं, मकाही नव्हता.

"हाताला लागलं ते कापलं," नासिबेको म्हणाली. "तुझा मकाच गवतासारखा लुकडा, त्याला मी काय करू?"

फालेसी पोट धरून हसली, मग रिकाम्या सऱ्या तिनं बोटांवर मोजल्या. तिच्याही घरात पाच तोंडं होती. "म्हातारीकडून मी काय भरून घेऊ? बी मी देते. सऱ्या तू पुन्हा पेर, आणि उरलेलं शेत साफ करून दे. पीठ रोज घेऊन जा. उपाशी माणसाला मी राबवत नाही."

यात नाही कुठं म्हणायचं, ते डेलेसीला सापडेना.

घरी जाताना म्हातारी पुटपुटली, "मला बांधून ठेवायचं होतंस."

"कशानं, आई? शेळीबरोबर दावंही विकलं आपण."

दोघी हसल्या.

फालेसीच्या शेतात आठ दिवस गेले. नवव्या दिवशी डेलेसी आपल्या रानात उतरली, तेव्हा राहिलेल्या अर्ध्यात मका पिवळा पडून गवतात बुडाला होता. तिनं तण काढलं, सगळं काढलं. पिवळा मका पिवळाच राहिला. एप्रिलमध्ये चार टोपल्या घरात आल्या, आणि कणगीचा तळ या खेपेला पेरणीआधीच दिसला.

डिसेंबरात पहिला पाऊस पडला त्या सकाळी फालेसी दारात आली. "यंदा पेरणीपासूनच येतेस का गं? पीठ दळून ठेवलंय."

डेलेसीचं रान अजून उकरायचं होतं. तिनं भिंतीला लावलेली कुदळ उचलली.

"चल," ती म्हणाली.