घाटातली टॅक्सी आणि डिकीतला निळा सिलिंडर

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो, काही तर मुद्दाम विसरलो. तुळजापूरच्या घाटातली ती टॅक्सी मात्र काही केल्या विसरली जात नाही. एक तर घरचे विसरू देत नाहीत. दुसरं म्हणजे, त्या प्रकरणात शेवटी सगळ्यांचंच भलं झालं, आणि त्यात माझा हात फारसा नव्हता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात मी नवा फौजदार होतो. वर्तमानपत्रांत रोज तस्करांच्या बातम्या यायच्या आणि माझ्या हद्दीत सापडायचे ते सायकलचोर. एखादा तरी तस्कर आपल्या हाती लागावा, असं मला मनापासून वाटायचं.

एके दुपारी टॅक्सी स्टँडवरचे तीन-चार चालक ठाण्यात आले. त्यांच्यातला दांडगा पुढे झाला.

"साहेब, भवानी पेठेतल्या अप्पाच्या गाडीत कायतरी काळंबेरं हाय."

"काय आहे?"

"त्येच तर कळंना की! देवीला जाताना आमाला घाटाखाली पाशिंजर उतरवावं लागतंय. बायामान्सं चालत वर येत्यात, आमी मोकळी गाडी नेतो. ह्यो गडी कुणालाच उतरवत न्हाय. गाडीत धा मान्सं, तरी गाडी वर! डिकीतनं फुस्स आवाज येतोय नुसता. आता समदी पब्लिक त्याच्याच गाडीला. आमी काय माशा मारायच्या?"

फुस्स हा शब्द ऐकला आणि मला तस्कर दिसला. एवढा जोर गाडीला कशाला लागतो? पोलिसांपासून पळायला! हा तर्क मी हवालदारांना ऐकवला. ते वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. शांतपणे म्हणाले, "साहेब, पळायचं असंल तर धा मान्सं घिऊन कोण पळंल?"

मी त्यांना चहा सांगायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी ठाण्याच्या आवारात आणली. जुनी, गोल पाठीची गाडी. डिकीत स्टेपनीशेजारी चामडी पट्ट्याने आवळलेला निळा सिलिंडर होता आणि त्याची नळी पार इंजिनापर्यंत गेलेली. मालक, म्हणजे ते अप्पा, पन्नाशीचे, कपाळावर भस्माचे पट्टे. मी टेबलावर हात आपटून विचारलं, "हे काय आहे?"

"सोडा वॉटरचा ग्यास, साहेब."

"गाडीत कशाला?"

"पाशिंजरला तहान लागती की."

तासभर मी आवाज चढवत राहिलो आणि अप्पा सोड्यावरून हटेनात. एवढंच ध्यानात आलं की ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर सारखी खिडकीबाहेर. तेवढ्यात वरिष्ठांची जीप आली आणि ती टॅक्सी वाटेत आडवी. मी खेकसलो, "अरे, ती गाडी ढकला त्या लिंबाखाली!"

शिपायांनी गाडी सावलीत लावली. अप्पांचे खांदे एकदम सैल झाले. "उन्हानं रंग जातो हो तिचा," ते हळूच म्हणाले. "तुमच्या ध्यानात आलं. लई उपकार झाले."

माझ्या ध्यानात काहीच आलं नव्हतं. पण समोरचा माणूस तुम्हाला चांगलं समजत असेल, तर त्याचा गैरसमज तपास संपेपर्यंत दूर करू नये. मी गंभीरपणे मान हलवली आणि अप्पा बोलते झाले.

त्यांचा मेव्हणा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या कारखान्यात फिटर होता. तिथे त्याने पाहिलं होतं की हा वायू इंजिनात सोडला की पेट्रोल जास्त जोरात जळतं आणि इंजिनाला घडीभर दुप्पट ताकद येते. सिलिंडर दवाखाना बंद करणाऱ्या एका दाताच्या डॉक्टरांकडून रीतसर विकत घेतलेला होता. तरी मी सरकारी दवाखान्यातले भूलतज्ज्ञ बोलावले. त्यांनी सांगितलं, "नायट्रस ऑक्साइड. पेशंटला भूल द्यायला वापरतो. आमचा एकही चोरीला गेलेला नाही." म्हणजे चोरीही नाही आणि तस्करीही नाही. माझं स्वप्नातलं पदक तिथेच वितळलं.

"पण अप्पा, हे करायचं कशाला?"

"गेल्या साली एका म्हातारीला घाटाखाली उतरा म्हटलं. ती खाली दगडावर बसली आन् म्हणाली, तू जा बाबा, माझं दर्शन हितनंच झालं. परत आलो तर तितंच बसलेली." मग प्रामाणिकपणे म्हणाले, "आन् धा भाड्यांचंबी बघावं लागतं की, साहेब. गाडी गेली तर घरात दुसरं कायच न्हाय."

आता प्रश्न पडला कलमाचा. हा वायू गाडीत घालू नये, असं कायद्यात कुठेच लिहिलेलं सापडेना. शेवटी मोटार वाहन कायद्यात वाट सापडली. नोंदणी अधिकाऱ्याला न कळवता गाडीच्या रचनेत फेरफार करता येत नाही. गुन्हा सिद्ध झाला तर परवानाही जाऊ शकत होता. अप्पांनी फक्त, "बरं," म्हटलं.

इथे सरळ कागद कोर्टात धाडायचे, तर मी प्रात्यक्षिक काढलं. घाटातच पंचनामा करायचा! मी, हवालदार, चार शिपाई, दोन पंच, मेव्हणा आणि स्टँडवरचा तो दांडगा तक्रारदार असे सगळे त्या गाडीत कोंबले गेलो. एक शिपाई माझ्या मांडीवर होता. घाट शेजारच्या जिल्ह्यात, म्हणजे माझ्या हद्दीबाहेर आहे, हे मला परत आल्यावर आठवलं.

आधी गॅस न सोडता चढायचं ठरलं. पहिल्याच वळणावर गाडी धापा टाकून उभी. आम्ही उतरून ढकलली. येणारेजाणारे थांबून बघत होते. एक बाई म्हणाली, "फौजदाराचा नवस असंल."

मग गॅस. मेव्हण्याने गॅसची चावी फिरवली, फुस्स झालं, आणि गाडीने अशी उसळी घेतली की माझी टोपी मागच्या सीटवर. दोन्ही पंच सगळं विसरून "आई राजा उदो उदो!" ओरडायला लागले. दुसऱ्या वळणापाशी मात्र डिकीतून वेगळाच आवाज आला. नळी सुटली होती. पांढरं धुकं आत शिरलं आणि दोघांतले जाडे पंच चालत्या गाडीतून उडी मारून मोकळे झाले. गाडी थांबताच मेव्हण्याने डिकी उघडून सिलिंडरची चावी बंद केली, तर तिच्यावर बर्फ जमलेलं.

कुणी हसलं नाही. अप्पा मागच्या सीटला हात लावून उभे होते. सिलिंडर त्या सीटच्या बरोबर पाठीशी होता.

"हितं लेकरं बसवत होतो मी," ते म्हणाले. "साहेब, काडा ते. आत्ताच काडा."

सिलिंडर तिथेच उतरवला.

कोर्टात न्यायाधीशांनी माझा पंचनामा शांतपणे वाचला. मग चष्म्यावरून पाहून विचारलं, "फौजदार, त्या वेळी गाडीत किती जण होते?"

"चालक सोडून दहा, साहेब!" मी छाती काढून सांगितलं.

"परवाना किती जणांचा?"

तेव्हा कुठे मला प्रश्नाचा रोख कळला. "पाच जणांचा, साहेब."

"म्हणजे दहा जणांना घेऊन ही गाडी चढत नाही, हे तुम्ही स्वतः कायदा मोडून सिद्ध केलंत. पाच जणांना घेऊन चढते का, हे कुणी पाहिलं आहे?"

मी हवालदारांकडे पाहिलं, त्यांनी छताकडे.

पुढच्या आठवड्यात मोटार वाहन निरीक्षक पाच जणांना घेऊन घाटात गेले. मी त्यांच्यात होतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये कुरकुरत, पण कुठेही न थांबता वर गेली. माथ्यावर अप्पांनी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "आयला, चढती की ही!"

इतक्या वर्षांत ते पाच माणसं घेऊन तो घाट कधी चढलेच नव्हते. दुसरंही कुणी नाही. त्या रस्त्यावर दहा भरायची आणि घाटाखाली उतरवायची हीच रीत होती. कायदा काय म्हणतो हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मीही स्टँडवरून जाताना ती खच्चून भरलेली टॅक्सी रोज पाहायचो. ज्याची नवलाई वाटली त्यामागे मी धावलो. जे रोज दिसायचं, ते मला दिसलंच नाही. पुढे नोकरीभर नवीन फौजदारांना मी एवढंच सांगत आलो की दुर्मिळ गुन्हा शोधायच्या आधी नेहमीचा मोजून घ्या.

अप्पांना दंड झाला, परवाना राहिला. त्यांनी भाडं थोडं वाढवलं आणि पाचच माणसं घ्यायला लागले, म्हाताऱ्यांना आधी. महिनाभरात स्टँडवरचा तो दांडगाही पाचच माणसं बसवून ओरडायला लागला, "बिनउतरायची गाडी! बिनउतरायची गाडी!"

एकदा मला कामानिमित्त तुळजापूरला जायचं होतं. अंगात पूर्ण गणवेश. अप्पांच्या गाडीचं दार उघडून मी आत वाकलो, तर आत दोन जोडपी आणि काठी धरलेली एक आजी. अप्पांनी मला नमस्कार केला, बोटं मोजली आणि दार हळूच लावून घेतलं.

"पाच झाले, साहेब. तुमी मागच्या गाडीनं या."