पंगतीतून न उठणारा पाव्हणा

दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेसाठी मी हप्ताभर बहिणीकडे सडक अर्जुनीला होतो. थंडी चांगली पडली होती. अंगणातल्या उन्हात रोज पंधरा-वीस जणांची पंगत बसे. नव्या तांदळाचा भात अन् वांग्याची तिखट भाजी. रीत अशी, की शेवटच्याचं जेवण होईपर्यंत पंगतीतून कोणी उठायचं नाही.

मला दात नाहीत. घरी मी घंटाभर जेवायचो, बायको समोर बसून राहायची. ती गेली. आता लोकांत आपल्यासाठी पंगत अडली की लाज वाटते, म्हणून मी अर्ध्या पोटीच उठतो.

माझ्या बाजूला एक पाव्हणा बसे. कोणाचा कोण, मी विचारलं नाही. कानाला मफलर, हात दणकट. पहिले दोन दिवस भराभर जेवला. तिसऱ्या दिवशी त्याचं ताट साफ झालं, तरी तो उठेना. एकेक शीत उचलून तोंडात टाकत बसला.

भाचसून हसली, "काऊन जी पाव्हणे, मागच्या जन्मी कोंबडी होते का?"

"वाढ बाई थोडा भात," तो म्हणाला अन् तो भातही चिवडत राहिला.

मी तोंडावर बोलणारा माणूस. म्हटलं, "पोट तर केव्हाच भरलं तुमचं. कायले बसून राहिले?"

माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "मी उठलो का तुम्ही बी उठता जी. दोन दिवस पाहून राहिलो."

मी भात मागून घेतला. बाकीचे कुरकुरले, पण तो हलला नाही. बायको गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मी पोट भरल्यावर उठलो.