उद्या टोळी जाणार न्हाई

सोयाबीन काढायच्या टोळीत मी वीस वर्षं होते, त्यातली बारा वर्षं म्होरकी. अहमदपूर आणि लोह्याच्या मधलं आमचं गाव. शेतकऱ्याचा फोन आला की मी एकराप्रमाणे गुत्तं ठरवायचे आणि पहाटे दहा-बारा बायका टेम्पोत घालून निघायचे. गुत्त्याची रीत साधी. रान सगळ्यांनी मिळून काढायचं आणि आलेलं सगळ्यांत सारखं वाटायचं. ऐकायला मोठं न्यायाचं वाटतं. पण जिचा हात चालेना, तिचं काम बाकीच्यांच्या कमरेवर पडतं, आणि दुखणारी कंबर न्यायबिय बघत नाही.

यंदा माझाच हात चालेना. हात कसला, गुडघा. छप्पन्नावं चालू आहे. प्रत्येकीच्या वाट्याला ज्या ओळी येतात त्याला आम्ही पात म्हणतो. एके काळी माझी पात सगळ्यांच्या पुढं असायची. आता मी निम्म्यात असताना बाकीच्या बांधाला पोचून, पाणी पिऊन, माझ्याच ओळी दुसऱ्या टोकाकडून काढू लागायच्या. पहिल्या दिवशी हसत. "काय आत्याबाई, मोबाईल बघत बसलत्या का काय?" तिसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

फोनवरचं बोलणं दोन वर्षांपासून माझ्या चुलत जावेची सून करते. पोरगी हुशार आहे. विळा कसा धरायचा, शेंगांची टोकं टोचू नयेत म्हणून हातात जुने मोजे कसे घालायचे, सगळं मीच शिकवलेलं. एका संध्याकाळी ती दारात आली. ये म्हटलं तरी बसली नाही.

"आत्याबाई, उद्या टोळी जाणार न्हाई. मालक म्हणला रान वल्लं हाय अजून."

"हाव का? बरं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता टेम्पो माझ्या दारावरूनच गेला. गावातून बाहेर पडायला दुसरा रस्ताच नाही. आतल्या बायका खाली बघत होत्या. मला राग यायला हवा होता, पण आली ती लाज. कारण ते वाक्य माझं होतं. आठ वर्षांपूर्वी टोळीतल्या सगळ्यात थोरल्या मावशीला मी तिच्या दारात उभी राहून हेच सांगितलं होतं, रान ओलं असल्याच्या कारणासकट. तेव्हा ही सून नवी नवरी होती आणि माझ्या शेजारी उभी होती. मी तिला विळा शिकवला म्हणून वर मिरवलं, पण हेही मीच शिकवलेलं.

घरात खाणारी मी एकटीच, पण एकटीलाही दोन वेळा भूक लागते. पोरगा पुण्यात गाडी चालवतो, त्याचं त्यालाच पुरत नाही. मी काम शोधायला निघाले. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे नकार तरी अर्ध्या पैशात पडला. लातूरला शिकवण्यांच्या पोरींच्या वसतिगृहात झाडलोटीला बाई हवी होती. चार मजले. तिथल्या बाईनं मला जिना चढताना बघितलं आणि माझं नाव लिहून घेतलं. नाव लिहून घेतलं की काय समजायचं ते मी समजले.

नांदेडला विष्णुपुरीकडं कॉलेजच्या पोरांच्या एका खानावळीत पोळ्या लाटायला राहिले. दीड दिवस. दुसऱ्या दिवशी गुडघा ऐकेना, म्हणून पालथ्या डब्यावर बसून लाटत होते, तेवढ्यात मालक आला. "मावशी, पोळी मस्त हाय तुमची. पण हितं बसून जमत न्हाई. कळवतो मी तुमाला." माझा नंबर न घेताच तो कळवणार होता.

परत येताना फाट्यावर उतरले आणि रस्त्याकडेच्या रानात ती मावशी दिसली. ओणवी होऊन सरवा वेचत होती. काढणी झाल्यावर ज्या शेंगा रानात सांडतात त्या वेचणाऱ्याच्या, तोच सरवा. आठ वर्षं मी तिला बघितलं की वाट बदलत होते. त्या दिवशी पिशवी घेऊन वाट बदलण्याइतकं बळ पायात नव्हतं.

"कुठून यायलीस माय?"

"नांदेडहून. काम बघाया गेलते."

"भेटलं का?"

"न्हाई."

"मग ये हितं. लई सांडलंय."

मी बांध उतरून गेले. रान आमच्याच टोळीनं काढलेलं. एवढ्या शेंगा मागं टाकल्या असत्या तर मी एकेकीला शिव्या घातल्या असत्या. आज त्यांच्या निष्काळजीपणावर माझी संध्याकाळ निघणार होती. थोडा वेळ वेचलं आणि मग राहवेना.

"मावशी, त्या वर्षी मी तुला खोटं बोलले."

"म्हाईत हाय की." तिनं मानही वर केली नाही. "टेम्पो जाताना बघितला मी. भाकर बांधून दारातच बसले होते."

"पण मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, जाणार न्हाई म्हणून."

"हाव. मला वाटलं, रातीत रान वाळलं तर हाक मारशील."

मला रडू फुटलं. "रडू नको माय, ती पलीकडची पात धर," ती म्हणाली.

निघताना म्हणाली, उद्या ओढ्यापलीकडच्या रानात जायचंय. "मी येऊ का?" मी विचारलं. बारा बायकांना हाका मारणारी मी, आज परवानगी मागत होते.

"ये की. मी हाक मारीन."

पहाटे भाकर बांधून मी दारात बसले. उजाडलं. टेम्पो येऊन गेला. ऊन अंगणात आलं. नाही मारली तिनं हाक तर ते बरोबरच होईल, हे स्वतःला सांगत होते, आणि तरी कान रस्त्याकडंच. भाकर आत नेऊन ठेवावी म्हणून उठले, तेव्हा कोपऱ्यावरून आवाज आला.

"उशीर झाला माय. वाटंत दोन डाव बसले."

मी भाकर उचलली आणि तिच्या चालीनं निघाले.