ग्लुकोज कुलपात आहे

शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. खडूच्या तुकड्यांसारखे ते टेबलाच्या खणात साठत जातात आणि आपण ते टाकूनही देत नाही. माहेरी, राहू गावाला गेले की भावजय चहाचं आधण ठेवता ठेवताच विचारते, "काय वन्सं, शाळेत काय नवीन?" पूर्वी मी तपासणीचे सांगायचे, पालकसभेचे सांगायचे. गेलं वर्षभर मात्र एकाच मुलीचे सांगतेय. खरं म्हणजे ते तिचे नाहीत, आमचे आहेत. ती बिचारी नुसती मध्ये उभी असते.

तिचं नाव ईश्वरी. आठवीत, माझ्याच वर्गात. आमची शाळा निमोण्याच्या बाजूला, एका वाडीवर. ईश्वरीला टाइप वन डायबेटिस आहे, म्हणजे शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. ते बाहेरून घ्यायचं, रोज, जेवणाआधी.

जूनमध्ये तिची आई शाळेत आली. सणसवाडीला एका कंपनीत कामाला आहे. सुट्टी टाकून आली होती, त्यामुळे सगळा स्टाफ एकत्र बसवूनच तिनं सांगितलं.

"शुगर वाढली तर आपल्याकडं थोडा येळ असतो. कमी झाली तर येळ नसतो. हात कापाय लागले, घाम फुटला, की लगीच साखर द्यायची. आन् एकटीला सोडायचं न्हाई. मी सकाळी सहाच्या बसनं जाते, मोबाईल लॉकरमधी ठिवावा लागतो. साडेधा ते पाच पोरगी तुमच्या हाती हाय."

आमचे मुख्याध्यापक, आम्ही त्यांना मोठे सर म्हणतो, डोळे मिटून सगळं ऐकत होते. शेवटी ते गंभीरपणे म्हणाले, "ताई, अजिबात काळजी करू नका. आम्ही तिला साखरेच्या जवळपाससुद्धा फिरकू देणार नाही!"

ईश्वरीच्या आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.

मोठ्या सरांनी तिला आणखी एक मार्ग सुचवला होता. मुलीनं घरीच अभ्यास करावा, परीक्षेला तेवढं यावं. "जबाबदारीचा प्रश्न आहे," ते म्हणाले. आई म्हणाली, "सर, ती घरी बसली तर मला काम सोडावं लागंल. आन् तिला शाळा सोडायची न्हाई. काय झालं तर मग बघू, पर आधीच घरी न्हाई बसवणार."

*

आता आमचे शिपाई आप्पा. त्यांना स्वतःला वीस वर्षांपासून शुगर आहे, त्यामुळे शाळेतले डायबेटिसचे अधिकारी आपणच, अशी त्यांची समजूत. ईश्वरी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसून इंजेक्शनचं पेन लावायची. ते पाहून आप्पांचा जीव खालीवर व्हायचा.

एक दिवस ते घरून बाटली भरून कारल्याचा रस घेऊन आले.

"पोरी, ही सुई बंद कर. रोज सकाळी अर्धा ग्लास घे. माझ्याकडं बघ, वीस वर्सं झाली, एक सुई न्हाई."

ईश्वरीनं शांतपणे विचारलं, "आप्पा, तुमची आज किती हाय?"

"मोजत न्हाई मी. मोजली की वाढती."

ईश्वरीनं सुई लावली, खिचडी खाल्ली आणि कारल्याची बाटली आप्पांच्या स्टुलावर नेऊन ठेवली. ती बाटली संध्याकाळपर्यंत तिथंच होती.

*

दिवाळीनंतर आबा आले. आबा म्हणजे संस्थेचे जुने सदस्य, गावात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांची नात ईश्वरीच्याच बाकावर बसते.

"बाई, त्या पोरीला जरा येगळं बसवा की. आमच्या घरात बाया बोलाय लागल्यात. चिकटलंबिकटलं म्हंजी?"

मी सांगितलं की हे चिकटत नाही. आबांनी मान हलवली, पण खुर्ची सोडली नाही. डॉक्टरांचं पत्र दाखवलं. तेही त्यांनी चष्मा लावून वाचलं. तरी म्हणाले, "ते खरं हाय वो, पर खात्री काय?"

मग मी नातीचा चाचणीचा गणिताचा पेपर काढून त्यांच्यापुढे ठेवला. वीसपैकी चार. शेजारी ईश्वरीचा ठेवला. वीसपैकी एकोणीस.

"आबा, जून महिन्यापासून मांडीला मांडी लावून बसल्यात. गणित अजून चिकटलेलं नाही, शुगर कुठून चिकटणार?"

आबांनी दोन्ही पेपर ताडून पाहिले. जाताना म्हणाले, "बसू द्या मग तिथंच. चिकटलं तर बरंच हाय."

*

फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा. केंद्र शिरूरला, पर्यवेक्षक बाहेरचे. आडव्या बांध्याचे, कपाळाला घाम, सारखी पाण्याची बाटली तोंडाला लावणारे. ईश्वरीच्या बाकावर शुगर मोजायचं मशीन दिसल्याबरोबर त्यांनी ते उचललं.

"हे काय आहे? ब्लूटूथ आहे का याच्यात? कॉपीचे नवीन नवीन प्रकार निघालेत."

मला दारातून आत बोलावलं. मी परवानगीचं पत्र दाखवलं. तरी बिस्किटाचा पुडा फोडून प्रत्येक बिस्किटाची मागची बाजू तपासली गेली. मशीन खरं कशावरून, हा प्रश्न शिल्लकच होता.

ईश्वरीनं घड्याळाकडे पाहिलं. तिची पाच मिनिटं गेली होती. "सर, नवी सुई लावते. तुमचं बोट द्या, लगेच कळंल."

पर्यवेक्षकांनी हसत हसत बोट पुढे केलं. एक टोचा, एक थेंब, पाच सेकंद. मशीननं दाखवलं, तीनशे बारा.

त्यानंतर दीड तास त्या खोलीत कॉपी झाली असती तरी त्यांना कळलं नसतं. ते खुर्चीत बसून स्वतःच्या बोटाकडे बघत होते. पेपर संपल्यावर त्यांनी ईश्वरीला थांबवलं. मला वाटलं, आता काहीतरी केस करणार. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि अगदी हळू विचारलं, "बाळ, तुझ्या डॉक्टरांचा नंबर देतेस का?"

*

हे सगळं हसण्यावारी गेलं. पुढचं जात नाही.

जूनमध्येच आईनं ग्लुकोजची दोन पाकिटं दिली होती. एक ईश्वरीच्या दप्तरात राहील, एक माझ्या टेबलात, असं तिचं म्हणणं. मोठ्या सरांना ते पटलं नाही. दप्तरातलं इतर मुलं खातील, टेबलातलं हरवेल. औषध आहे म्हटल्यावर ते ऑफिसच्या जबाबदारीत हवं! दोन्ही पाकिटं ऑफिसच्या लोखंडी कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं, चावी सरांच्या खिशात. मी विज्ञान शिकवते. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी मान डोलावली. वर्षभर सर जागेवर असायचे, म्हणून निभावलं.

मार्चमध्ये एका दुपारी सर मीटिंगला शिरूरला गेले होते. आम्ही सात जण स्टाफरूममध्ये चहा घेत होतो. खेळाच्या तासावरून ईश्वरी आली. चेहरा पांढरा, कपाळावर घाम, हात थरथरत होते.

"बाई, लो झालीय."

मी तिला खुर्चीत बसवलं आणि ओरडले, "ग्लुकोज आणा!" मग धावपळ सुरू झाली. एकानं सरांना फोन लावला, तो बंद. आप्पा कुलूप फोडायला दगड घेऊन आले. तेवढ्यात एक सर म्हणाले की ऑफिसची मालमत्ता आहे, फोडताना निदान दोघांच्या सह्या तरी घेऊ. दुसऱ्या सरांनी मोटारसायकल काढली, दुकानातून ग्लुकोज आणतो म्हणाले. एक बाई बाटलीतलं पाणी तिच्या तोंडावर मारत होत्या. मी तिचा हात धरून "ईश्वरी, ईश्वरी" करत होते. किती मिनिटं गेली मला माहीत नाही.

तिची जीभ जड झाली होती. थांबत थांबत म्हणाली, "बाई... ती चहाची साखर..."

डबा टेबलावर होता. उघडाच, चमचा आत. आम्ही सातही जणांनी पाच मिनिटांपूर्वी त्यातूनच साखर घेतली होती. पण ती चहाची साखर, औषध नव्हे! औषध कुलपात होतं.

तीन चमचे पाण्यात ढवळून तिला पाजले. पंधरा मिनिटांनी मशीन लावलं, आकडा वर आला होता. तिनं बिस्किटं खाल्ली आणि खेळाच्या तासाला परत जाऊ का म्हणून विचारलं. मी स्टाफरूममधून बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. त्या दिवशी मला माझी लाज वाटली. अजूनही वाटते.

संध्याकाळी तिच्या आईला फोन करून खरं ते सगळं सांगितलं, माझ्या मान डोलावण्यासकट. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, मीबी पयल्यांदा हेच केलं. दवाखान्यातनं आल्यावर घरातली समदी साखर शेजारणीला देऊन टाकली. पाचव्या दिवशी पोरगी लो झाली, आन् शेजारीण शेतावर." पुढं तिनं विचारलं, "आता ते कुलूप निघंल का? न्हाई तर मला तिला घरी बसवावी लागंल."

मी म्हटलं, काढायला लावते.

*

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या सरांपुढे उभी राहिले. एकटीच. सरांनी सगळं ऐकलं, त्यांना खरोखर वाईट वाटलं. म्हणाले, "म्हणजे चहाची साखरही औषध आहे तर. हे मला आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं."

तासाभरात त्यांनी आप्पांकडून चहाचा साखरेचा डबा मागवला आणि तोही कपाटात ठेवून कुलूप लावलं. दारावर सूचना चिकटवली, विद्यार्थिनीच्या सुरक्षिततेसाठी.

सर बुधवारी पुन्हा मीटिंगला गेले. त्या दुपारी स्टाफनं बिनसाखरेचा चहा घेतला. गुरुवारी सर पुण्याला गेले, पुन्हा तेच.

शुक्रवारी सकाळी, प्रार्थनेच्याही आधी, सगळा स्टाफ ऑफिसात शिरला. एरवी पगाराच्या प्रश्नावरही जे एकत्र येत नाहीत, ते सातही जण. आवाज वर्गांपर्यंत जात होता. कुणी म्हणालं हे चालणार नाही, कुणी म्हणालं संस्थेकडे जाऊ. दहा मिनिटांत आप्पा कपाटाचं कुलूप हातात घेऊन बाहेर आले. डबा टेबलावर आला, आणि त्याच्यामागून ग्लुकोजची दोन्ही पाकिटंही आली.

रात्री ईश्वरीच्या आईचा फोन आला. "बाई, कुलूप निघालं म्हणत्यात. सरांना कसं काय पटलं?"

मी म्हटलं, "सगळ्या स्टाफनं जाऊन सांगितलं."

ती म्हणाली, "माझ्या एका पोरीसाठी एवढी माणसं उभी ऱ्हायली, बाई. कुणाचं कोण करतंय हल्ली?"

दुसऱ्या दिवशी तिनं ईश्वरीच्या हाती स्टाफसाठी पेढे पाठवले. ईश्वरीनं प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन दिले. सगळ्यांनी घेतले.