खाडी सोडून कुठेही

"तिथं काय नाय, मॅडम. चिखल हाय नुसता."

एवढे बोलून मावशी टेबलावरची माशी हाकलावी तसा हात हलवत आणि धरमतरची अख्खी खाडी बाजूला सारत. पेणच्या आमच्या महाविद्यालयाच्या कॅन्टीनमध्ये त्या चहा करीत. मी तिथे नव्याने प्राणिशास्त्र शिकवू लागले होते आणि विद्यार्थ्यांना नेण्याजोगी अभयारण्ये शोधत होते.

या शोधात मावशींचा उत्साह माझ्याहून दांडगा होता. "फणसाडला जा ना. रोह्याला गाडी बदलायची, मुरूडच्या गाडीत बसायचं. शेकरू हाय तिथं." किंवा, "पक्षीच बघायचेत? कर्नाळा हाय. कंडक्टरला आधी सांगून ठेवा, नायतर पुढं नेतो."

स्वतः त्या यांपैकी कुठेही गेलेल्या नव्हत्या. तुम्हीही माणसे निरखत असाल, तर तुम्हाला हे खटकेल. न पाहिलेल्या जंगलांचे पत्ते तोंडपाठ, आणि जिच्या काठी जन्म गेला त्या खाडीत मात्र काही नाही.

"आमच्याकडं साप लय," त्यांनी एकदा बजावले.

"मग सापच पाहीन."

"पाणसाप ओ! त्यांच्यात काय बघायचं?"

माझा संशय पक्का होत गेला. हिवाळ्यात पाणपक्ष्यांचे थवे खाडीच्याच दिशेला उतरत. मावशी अधूनमधून न सांगता गैरहजर राहत, तेही नेमक्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे मोठ्या ओहोटीला. माझा निष्कर्ष तयार होता : मावशींच्या घरात फासे लावून पक्षी पकडले जातात. खाडीचा अहवाल वनखात्याला पाठवावा, ती संरक्षित व्हावी, आणि त्या कामावर माझे नाव असावे, हेही मी ठरवून टाकले होते.

पुढच्या अमावास्येला सकाळी मी खाडीच्या बांधावर पोहोचले. चिखल पक्ष्यांनी गजबजला होता आणि त्यांच्या मधोमध, गुडघाभर रुतलेल्या मावशी बिळात हात घालत होत्या. पक्षी त्यांना जराही बिचकत नव्हते. तरीही माझी नजर त्यांच्या झाकलेल्या टोपलीवरच होती.

"आलीस गो?" 'मॅडम' हे संबोधन कॅन्टीनमध्येच राहिले होते. मावशींनी टोपली पुढे केली. "उचल फडकं."

मी उचलले. आत निवटे होते, चिखलात उड्या मारणारे ते बोटभर मासे.

"गावला पक्षी?"

मी फडके पुन्हा टोपलीवर पसरले.

"तू सरकारला लिवणार. मग बंदीचा बोर्ड येणार, मग कुंपणाची तार. माझ्या बहिणीच्या गावात आली तशी. या चिखलावर घर चालतं माझं. उद्या कुठं हात घालू, तुझ्या फळ्यात?"

"संरक्षण म्हणजे बंदी नव्हे, मावशी."

"व्हय?" त्या हसल्या. "लिवून देशील?"

मला ते देता आले नाही.

पुढे गुडघ्यांनी मावशींचा चिखलही सोडवला आणि चहाही. ओहोटीला आता त्यांची सून जाते. कॅन्टीनचा चहा दुसरेच कोणी करते. माझा अहवाल अपुरा पडून आहे. तो पूर्ण करावा की नाही, याबाबत माझा स्वतःवरही पुरता विश्वास नाही.

परवा गळ्यात कॅमेरा अडकवलेली एक विद्यार्थिनी आली. "मॅडम, जवळपास पक्षी कुठे दिसतील?"

"कर्नाळ्याला जा. कंडक्टरला आधी सांगून ठेव."

"आणि खाडीवर?"

माझा हात माशी हाकलावी तसा हलला.

तिने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिले.